आठव्या घरातला मंगळ

एका मुलीच्या पत्रिकेत आठव्या घरात मंगळ मी बसवला. खरा मंगळ तिच्या जन्माच्या वेळी कुठे होता, हे मला दुसऱ्या दिवशी सकाळीच कळलं होतं, तरी मी गप्प राहिलो. पुढे कधी विषय निघाला की मी म्हणायचो, "तेव्हाचे कॉम्प्युटरच तसे होते." ते खोटं आहे. कॉम्प्युटर धड होता. मी त्याला जसं चालवलं तसा तो चालला.

ऐंशीच्या दशकाची ती शेवटची वर्षं. नागपुरात रामदासपेठेत, दवाखान्यांच्या मागच्या गल्लीत टायपिंग आणि झेरॉक्सचं एक दुकान होतं. मालकांनी हौसेनं कॉम्प्युटर घेतला, पत्रिका करणारा प्रोग्राम पुण्याहून फ्लॉपीवर मागवला आणि बाहेर पाटी लावली: 'कॉम्प्युटर पत्रिका व गुणमेलन'. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून घरी बसलेलो होतो, मला कामावर ठेवलं. मालकांचे मामा पूर्वीपासून पंचांगावरून हाताने पत्रिका मांडायचे. त्यांना सगळे गुरुजी म्हणत. तेही दुकानात बसायचे. मी कागद छापायचा आणि गुरुजींनी तो गिऱ्हाइकाला समजावून सांगायचा, अशी कामाची वाटणी होती.

गिऱ्हाईक दोन तऱ्हेचं. एक लग्नं जुळवणारं. दुसरं त्या दवाखान्यांतून येणारं. डॉक्टरच्या चिठ्ठीच्या मागे आजारी माणसाची जन्मवेळ लिहून आणलेली ही माणसं बाकावर बसत आणि छापून येणाऱ्या कागदाकडे पाहत राहत. त्यांच्याशी बोलायला मला नको वाटायचं.

एका पत्रिकेला बारा मिनिटं लागत. मालक वैतागत.

"बारा मिनिटं? एवढ्या वेळात मामा तोंडी सांगून मोकळे होते."

"आणि चहाही पितो," गुरुजी म्हणत.

मला ते लागायचं. मशीन माझी, म्हणजे तिचा संथपणाही माझा. कॉम्प्युटरच्या आत क्रिस्टल नावाचा एक भाग असतो, चिंचोक्याएवढी पत्र्याची डबी. मशीनचा ठोका तो ठरवतो. सीताबर्डीवर रेडिओचे सुटे भाग विकणाऱ्याकडून मी जास्त वेगाचा क्रिस्टल आणला आणि मालक बाहेरगावी असताना जुना काढून तो डाग देऊन बसवला. कुणाला सांगितलं नाही. बाराची नऊ मिनिटं झाली. मालकांना मी म्हटलं, प्रोग्राम सुधारला.

मार्चपर्यंत सगळं ठीक चाललं. एप्रिल लागला तशी वाढलेल्या वेगानं मुख्य चिप एवढी तापू लागली की हात लावता येईना. मी वरचं झाकण काढलं आणि शेजारी टेबलफॅन लावला. पण नागपुरात एप्रिल-मेच्या दुपारी पंखा भट्टीतलीच हवा फेकतो. दोन वाजले की मशीन अडायची. हिरवी अक्षरं जागच्या जागी थिजत, कळ दाबली तरी काही होत नसे. बंद करून अर्धा तास थांबावं लागायचं. मालक तोंडावर काही बोलायचे नाहीत, नुसते बाकावरच्या गिऱ्हाइकांकडे पाहायचे.

मला दोन वाटा होत्या. जुना क्रिस्टल परत लावायचा, पंख्याच्या वाऱ्यावर बारा मिनिटं धीर धरायचा. नाहीतर वारा सोडून पाण्याकडे जायचं. मी पाणी निवडलं.

आमच्याकडे उन्हाळ्यात थंडावा म्हणजे पाणीच. खिडकीला कूलर लागतो, माठाला ओलं फडकं गुंडाळतात. मी त्याच बुद्धीनं विचार केला. गुरुजींचं पाणी प्यायचं तांब्याचं फुलपात्र होतं, सपाट बुडाचं. ते चिपवर बरोबर बसत होतं.

"काहून गा, माझं फुलपात्र काहून उचललं?"

"कॉम्प्युटरले तहान लागली, गुरुजी."

"पाज मग. उष्टं मले देऊ नको म्हणजे झालं."

शेजारच्या रसवंतीतून बर्फाचा तुकडा आणून मी फुलपात्रात टाकत असे. खिडकीत मालकांनी नवा कूलर बसवला होता, त्याचे वाळ्याचे ताटवे सकाळपासून भिजत. दुकानात ओला, गार अंधार असायचा. मशीन दुपारी अडायची थांबली. दोन वाजले, तीन वाजले, चार वाजले, ती चालतच राहायची. मालकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. एवढं मला पुरलं.

त्यानंतरच्या दुपारी मला अजून आठवतात. मे महिन्यात तीन वाजता ती गल्ली ओस पडायची. आत वाळ्याचा वास, कूलरच्या पाण्याची टपटप आणि अंधारात ती हिरवी अक्षरं. प्रिंटर किंचाळत कागद बाहेर काढायचा. एका दुपारी एकामागून एक तीन पत्रिका छापल्या. एक म्हातारा, एक नवरी मुलगी, एक दवाखान्यातलं तान्हं बाळ. तिघांचाही मंगळ आठव्या घरात, तिघांचेही अंश सारखे. जणू आत बसलेल्या कुणाला एकच उत्तर आवडू लागलं होतं. मी मनात म्हटलं, योगायोग असेल.

दोन दिवसांनी, दुकानात कुणी नसताना, मी माझीच पत्रिका काढली. माझी पत्रिका मला पाठ आहे. कागदावर नाव बरोबर आलं, जन्मतारीख बरोबर आली. खाली ओळ होती: शनी, घर तेरावं.

पत्रिकेत घरं बाराच असतात. प्रोग्राममध्ये तेरावं घर कुणी लिहिलेलं नव्हतं, तरी ते घर आणि त्यात शनी, दोन्ही स्वच्छ छापून आले होते. मी मान वर केली. दुकानात मी एकटा होतो, आणि तरी कुणीतरी माझ्याबरोबर तो कागद वाचतंय असं मला वाटलं. मग मी कॉम्प्युटरच्या उघड्या डब्यात पाहिलं. कूलरच्या ओल्या हवेत बर्फाचं फुलपात्र बाहेरून दवानं भरलं होतं. एक थेंब ओघळला आणि चिपच्या पायांखाली गेला. हिरव्या अक्षरांना काही झालं नाही. ती चालतच राहिली.

तेव्हा मला सगळं समजलं होतं. पंख्यावर मशीन थांबायची. पाण्यावर ती थांबत नव्हती, चुकीचं सांगत होती. मी फडक्यानं थेंब पुसला, कागद फाडला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बर्फ आणला.

त्याच आठवड्यात आमच्या मोहल्ल्यातले काका मुलीला घेऊन आले. आमच्या घरापासून चौथं घर त्यांचं. मुलगी बी.ए. झालेली, मला दादा म्हणायची. सोयरीक ठरल्यात जमा होती, पण मुलाकडच्यांनी कॉम्प्युटरची पत्रिका मागितली होती. काकांनी तिची पत्रिका कधी केलीच नव्हती, जन्मवेळ तेवढी वहीत लिहून ठेवलेली.

"चांगली छाप गा," काका म्हणाले. "मुलगा नोकरीवाला आहे, हातचा जायचा."

"बाबा, ते काय लग्नपत्रिका छापून राहिले काय," मुलगी म्हणाली.

तीन वाजले होते. नऊ मिनिटांनी कागद आला. मंगळ आठव्यात. बाईच्या आठव्या घरातला मंगळ नवऱ्याच्या आयुष्यावर येतो, असं मानतात. गुरुजींनी कागद पाहिला, चष्मा पुसला आणि पंचांग उघडून पाठकोऱ्या कागदावर आकडे मांडायला घेतले. वीस मिनिटं लागली.

"मले अकराव्यात येऊन राहिला मंगळ," गुरुजी म्हणाले. "पत्रिका स्वच्छ आहे."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "तू सांग बापू. कोणाचं धरू?"

उघड्या डब्यातलं फुलपात्र मला दिसत होतं. त्याच्या बुडाशी पाण्याची बारीक रेघ चमकत होती. खरं बोलायचं तर क्रिस्टलचं सांगावं लागणार होतं, मालकांशी खोटं बोललो ते सांगावं लागणार होतं.

"मशीन चुकत नाही, काका," मी म्हटलं.

गुरुजी त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मागे थांबले. त्यांनी तेच गणित चार वेळा केलं होतं. "माझा हात चुकत असेल तर सांग गा," ते म्हणाले. मी म्हटलं, "वय झालं, गुरुजी. होते असं." ते हो म्हणाले. पुढे त्यांनी पत्रिका मांडणं सोडलं, आणि तीन-चार वर्षांत ते गेले. त्यांची माफी मागायची राहूनच गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता, कूलर सुरू करायच्या आधी, कोरड्या मशीनवर मी ती पत्रिका पुन्हा काढली. मंगळ अकराव्यात आला. मी कागदाच्या चार घड्या केल्या आणि खिशात ठेवला. सकाळी काकांकडे जायचं ठरवलं, मग दुपारी, मग उद्या. संध्याकाळी मी जुना क्रिस्टल परत बसवला, फुलपात्र घासून गुरुजींच्या जागेवर ठेवलं आणि तेवढ्यानं सुटलो असं मानलं.

मुलाकडचे अडले. मग मध्यस्थानं तोड काढली: कुंभविवाह करा, मग पाहू. मंगळाच्या मुलीचं लग्न आधी पाण्यानं भरलेल्या घड्याशी लावतात. मंगळाचा कोप त्या पहिल्या नवऱ्यावर जावा, म्हणून. काका माझ्या घरी आले आणि म्हणाले, "चार माणसं लागतात घरची. तू ये. कोणाले सांगू नको."

सकाळी दहाची वेळ होती. दारं-खिडक्या लावून घेतलेल्या. पाटावर मुलगी पिवळ्या लुगड्यात बसलेली, आणि समोरच्या पाटावर घडा, गळ्याला उपरणं, तोंडावर नारळ. शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून भटजी मंगलाष्टकं कुजबुजल्यासारखी म्हणत होते. दबल्या आवाजातली मंगलाष्टकं मी त्यापूर्वी कधी ऐकली नव्हती. अंतरपाटाचं एक टोक काकांनी धरलं होतं, दुसरं माझ्या हातात दिलं होतं. मंगळ अकराव्यात दाखवणारा तो घडी केलेला कागद माझ्या शर्टाच्या खिशातच होता. अंतरपाटाच्या एका बाजूला मुलीचा श्वास ऐकू येत होता. दुसऱ्या बाजूला घडा झिरपत होता, आणि मला वाटत होतं, तोही ऐकतोय.

"दादा," ती हळूच म्हणाली, "याची पत्रिका काढली काय तुमच्या कॉम्प्युटरनं? गुण किती जुळले?"

"गप वं," काका म्हणाले.

ती हसली. मीही हसलो. ते हसणं मला सगळ्यात जास्त छळतं.

अंतरपाट बाजूला झाला. तिनं घड्याला हार घातला. नंतर घडा पाण्यात सोडायचा असतो. काका आणि मी तो अंबाझरी तलावावर नेला, वाटेत हिंदकळून त्यातलं अर्धं पाणी सांडलं. काठाला माणूस नव्हतं, पाणी ऊन लागून पांढरं दिसत होतं. घडा सोडला तर तो बुडेना. थोडा दूर गेला, फिरला आणि परत आमच्याकडे आला. काकांनी ढकलला, तो पुन्हा आला.

"जाऊन नाही राहिला गा," काका म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता.

मी पॅन्ट भिजवत कमरेएवढ्या पाण्यात गेलो आणि छाती भिजेपर्यंत वाकून दोन्ही हातांनी घडा खाली दाबून धरला. आतून बुडबुडे निघाले. बराच वेळ निघत राहिले, कुणी पाण्याखालून काही सांगत असल्यासारखे. ते थांबल्यावर मी हात काढला. खिशातला कागद भिजून लगदा झाला होता. तो मी तिथंच सोडला.

पंधरा दिवसांनी मुलाकडून नकार आला. एकदा घड्याशी लग्न लागलेली मुलगी नको, असं त्यांच्या घरातलं कुणी म्हणालं म्हणे. मोहल्ल्यात कुजबुज व्हायची ती झालीच. तिला त्यानंतर सात वर्षं कुठून विचारणा आली नाही. ती हिंगण्याकडे एका शाळेत शिकवू लागली, पुढे तिचं लग्न झालं, मुलगा झाला. मी ते दुकान सोडलं, दुसरीकडे नोकरी केली, माझंही लग्न झालं. माझं लग्न ठरताना माझ्या घरच्यांनी मुलीची पत्रिका मागितली, तेव्हाही मी काही बोललो नाही.

गेल्या वर्षी माझ्या मुलीसाठी स्थळं पाहायला लागलो. एका घरून फोन आला, पत्रिका पाठवा. मी हो म्हटलं, फोन ठेवला आणि मला बसवेना. नागपुरातच बेसा भागात तिचं घर आहे हे मला ठाऊक होतं. मी न सांगता-सवरता गेलो. सकाळी अकराची वेळ होती. तिनं दार उघडलं, मला ओळखलं आणि म्हणाली, "या दादा, उन्हातून काहून आले?"

तिनं पाणी दिलं. मी ग्लास हातात धरून बसलो आणि सगळं क्रमानं सांगितलं: क्रिस्टल, पंखा, बर्फ, तेरावं घर, गुरुजींचं गणित, दुसऱ्या दिवशीची सकाळ. ती मध्ये एकदाच बोलली.

"म्हणजे अंतरपाट धरला तेव्हा तुम्हाले माहीत होतं?"

"हो. कागद खिशात होता," मी म्हटलं. "तुझी पत्रिका स्वच्छ होती. मला माहीत होतं आणि मी बोललो नाही. काकांशी खोटं बोललो, तुझ्याशीही खोटं बोललो. मशीनचा यात काही दोष नव्हता, माझा होता. मी तुझा अपराधी आहे. मला माफ कर."