दंडावरचा सैल दोरा

ते प्रकरण आठवलं की आजही माझं डोकं तापतं. मी सातवी शिकलेला माणूस. शिपाई म्हणून भरती झालो, सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. खुनी, दरोडेखोर पुष्कळ पाहिले. पण कळमनुरीतल्या त्या बनावट डॉक्टरसारखा निर्दयी माणूस पाहिला नाही.

खबर एका औषध दुकानदाराने दिली. "जमादार, तो माझ्याकडून साधं सलाईन नेतो अन् नसा दुरुस्त करणाऱ्या स्टेम सेल पेशी म्हणून लोकाच्या पाठीत टोचतो."

छापा टाकला. बाटल्या सापडल्या, पदवी सापडली नाही. पण तक्रार द्यायला एकही पेशंट तयार होईना. उलट पुसेगावकडची एक बाई नवऱ्याला ऑटोत घालून ठाण्यात आली. त्याला मोटर न्यूरॉनचा आजार. हातपाय वाळलेले, पाण्याच्या घोटालाही ठसका.

"आमच्या डॉक्टरला काहून धरलं, सायेब? मालकाच्या नसांची सूज उतरून राहिली!"

"कशावरून, बाई?"

तिने नवऱ्याच्या दंडाचा काळा दोरा दाखवला. डॉक्टरनेच बांधला होता. सूज उतरली की सैल होईल, म्हणाला होता. दोरा कोपरापर्यंत घसरला होता. माणसाचं मांस झडत होतं, आणि ही त्याला गुण समजत होती!

पोलिसापुढची कबुली कोर्टात चालत नाही. मला तक्रार पाहिजे होती. दोघांना दाराआड बसवलं, आरोपीला चहा पाजला आणि गोडीत विचारलं, "दोऱ्यानं सूज कळते व्हय?"

तो हसला. "जमादारसाहेब, या आजारात दंड बारीक होतोच. दोरा सैल होणारच. बिचाऱ्यांना तेवढंच समाधान."

बाई आत आली. आवाज चढला नाही तिचा. "नांदेडच्या डॉक्टरनं जेवणासाठी पोटात नळी घाला म्हणलं व्हतं. तू नको म्हणलास. काहून?"

मागून नवरा जड जिभेने बोलला, "मला... म्हाईत व्हतं. दंड... वाळतोय."

"मग बोलला काहून न्हाई?"

"दोरा सैल झाला तवापासून... तू जेवाया लागली व्हतीस."

तक्रार तिने तिथंच दिली. त्या दोघांना मी स्वतः नांदेडला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथला डॉक्टर म्हणाला, स्टेम सेलने नसांभोवतीची सूज कमी होते का, यावर अजून अभ्यास चालू आहे. विकत द्यावं असं औषध कुणाकडंच नाही. नळीचं विचारलं, तर म्हणाला, छाती फार कमजोर झाली, आता धोका आहे. आधी यायला हवं होतं.

तेव्हापासून एक शिकलो. फसलेल्या माणसाला अडाणी म्हणायचं नाही. ती बाई अडाणी नव्हती, तिला नवरा जगायला हवा होता, आणि त्या हरामखोराने नेमकं तेच हेरलं. कोर्टात त्याच्यावर फसवणुकीचं कलम लागलं. नुसती फसवणूक! नळीची वेळ हुकली, त्या माणसाचा घास गेला, त्याला कलम कोणतं, हे मला एकाही वकिलाने अजून सांगितलेलं नाही.