मेणाने बुजवलेल्या खाचा

ठशांच्या कोठीत शिरताना ख्वात चपला तर काढायचाच, पण खोकलाही दाराबाहेर संपवून यायचा. दोंग हो गावची चित्रं छापायचे दोनशे लाकडी ठसे त्याने संग्रहालयात वीस वर्षं सांभाळले होते. सगळे उभे, मधे वाऱ्याला बोटभर जागा. नीटनेटकेपणाचा सोस असा, की गेल्या वर्षी त्याने चित्रांचे संच मोडून ठसे मोठ्यापासून लहानापर्यंत, कवायतीच्या रांगेसारखे लावले.

घोटाळा तिथेच झाला. एका चित्राला रेषांचा ठसा एक, आणि रंगागणिक निराळा. रेषांवरून डुकरीण की कोंबडा ते कळतं. रंगाच्या ठशावर नुसते डाग. एकतीस ठसे अनाथ झाले. संग्रहालयाच्या संचालक दिएपबाईंनी बजावलं, "शुक्रवारपर्यंत ओळख पटली नाही, तर हे मागच्या पडवीत." पडवीत वाळवी होती.

गुरुवारी त्याने न्हामकाकींना आणलं. ठसे त्यांच्याच सासरचे, त्यांनीच संग्रहालयाला दिलेले.

"काकी, डुकरिणीचा लाल कुठला?"

"मला काय विचारतोस? ठशामागच्या मुठीला विचार. डुकरिणीला तीन खाचा, कोंबड्याला पाच. सासऱ्यांना अक्षर येत नव्हतं, मोजता येत होतं." काकींनी ठसा उलटा केला. मूठ गुळगुळीत. दुसरा, तिसरा, तेच. "खाचा कुठे गेल्या रे?"

ख्वातचा चेहरा पडला. "त्या खाचा होत्या? मला वाटलं किडीने खाल्लंय. मेण भरलं मी. रंगसुद्धा जुळवला."

"जुळवलास हो! बाळाला न्हाऊ घातलंस आणि नाकच बुजवलंस, मेल्या!"

दोघं बांबूच्या काड्या घेऊन बसले. ख्वात मेण कोरी, काकी खाचा मोजत आणि प्रत्येक मुठीमागे त्याला नवी शिवी देत. शुक्रवारी दुपारपर्यंत तीस ठसे घरी लागले. एकतिसाव्यावर सात खाचा निघाल्या, आणि सात खाचांचा रेषांचा ठसा कोठीत नव्हताच.

"मग हा पडवीत," दिएपबाई म्हणाल्या. ख्वातने ठसा छातीशी धरला.

"थांब गं पोरी," काकी पुटपुटल्या. "सात म्हणजे म्हैस. तिच्या रेषा माझ्याकडेच आहेत."

"कुठे?"

"मासळीच्या आंबवणाच्या रांजणावर. झाकण चपखल बसतं, म्हणून तेवढा ठसा दिला नव्हता."

ख्वात सायकलवरून गेला नि आला. त्याच्याआधी वास आला. दिएपबाईंनी रुमालाने नाक दाबलं आणि दुसऱ्या हाताने नोंदवही उघडली.

"सगळं ठीक," काकी म्हणाल्या, "पण माझा रांजण उघडा पडला त्याचं काय?"

ख्वातने भिंतीवरची 'हात लावू नये' ही झाकणाएवढी लाकडी पाटी काढली आणि काकींच्या हातात ठेवली.