दादाचं पेटंट आणि आमची वहिनी

रायपुरात कोणी काही नवीन शोधून काढलं, तर ते खरंच नवीन आहे की नाही हे देवसुद्धा आमच्या वहिनीला विचारल्याशिवाय ठरवत नसावा. विद्यापीठात ती रसायनशास्त्र शिकवते आणि तिथल्या पेटंट समितीची सचिव आहे. संशोधक आपापले शोध घेऊन या समितीपुढे येतात आणि कोणत्या शोधाच्या पेटंटसाठी विद्यापीठानं खर्च करायचा, ते समिती ठरवते. म्हणजे बाकीचे चहा पितात आणि वहिनी प्रश्न विचारते. हे आधी कोणी केलंय का? कोणता कारखाना हे घेईल? कोणी चोरून वापरलं तर आपल्याला कळणार कसं? आणि शेवटी चष्म्यावरून बघत, आधी कोणाला सांगितलं तर नाही ना? कारण अर्ज करायच्या आधी गोष्ट चारचौघांत गेली, की कायद्याच्या लेखी ती नवीन राहत नाही. त्यामुळे तिच्याकडे येऊन गेलेले भले भले बडबडे प्राध्यापक महिनोन्‌महिने मौनव्रत घेतल्यासारखे हिंडतात.

हा स्वभाव विद्यापीठात ठेवून घरी येईल तर शपथ! ब्राह्मणपाऱ्यातल्या ज्या घरात आम्ही भाऊ-बहीण आपापल्या संसारासह राहतो, तिथे 'हे मी नवीनच केलं' म्हणायची सोय नाही. एकदा मी मुरमुऱ्याच्या चिवड्यात बोरकूट घातलं आणि सगळ्यांनी वाहवा केली. वहिनीनंही दोनदा घेतला, छान झालाय म्हणाली, आणि त्याच आठवड्यात बाजारातून एक पुडी आणून माझ्यापुढे ठेवली. हा चिवडेवाला तुझ्याआधीपासून असाच करून राहिला, म्हणे. माझ्या नवऱ्यानं माझ्यावर एक कविता केली, तर ती कुठल्या गाण्यावरून उचलली तेही तिनं काढून दिलं. तेव्हापासून तो कविता करत नाही, आणि त्याबद्दल मात्र मी तिची जन्माची ऋणी आहे.

अशा बाईच्या नवऱ्यानं शोध लावायचा म्हणजे छाती लागते. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, त्याच विद्यापीठात इंजिनिअरिंग शिकवतो. शहराबाहेर सिलतऱ्याच्या कारखान्यांत कोळसा एका सरकत्या पट्ट्यावरून दुसऱ्या पट्ट्यावर पडतो तिथे काळ्या धुळीचे लोट उठतात. तिथे काम करणाऱ्यांच्या छातीत ती जाते आणि उरलेली आमच्या गच्चीवरच्या पापडांवर येऊन बसते. दादानं पत्र्याचा असा एक खोका तयार केला, की पडणाऱ्या कोळशाबरोबर येणारा वाराच आत फिरून धुळीला परत खाली दाबतो. ना पंखा, ना वीज. निवृत्ती जवळ आली होती. जन्मभर पोरांना दुसऱ्यांचे शोध शिकवले, एक तरी आपल्या नावावर असावा, एवढीच त्याची इच्छा होती. नवऱ्याचा अर्ज म्हणून वहिनीनं या निर्णयातून अंग काढून घेतलं, पण घरी रोज जेवताना उलटतपासणी सुरू. दादा प्रत्येक प्रश्नाला पुरून उरला. बैठकीच्या आदल्या संध्याकाळी तिनं शेवटचा प्रश्न विचारला, आणि तो छातीठोकपणे म्हणाला, कोणालाच नाही.

मी तिथेच बसले होते. भावाच्या अभिमानानं माझं तोंड सुटलं, आणि गणपतीत मंडळात दादानं हे दाखवलं तेव्हा काय टाळ्या पडल्या होत्या, ते मी रंगवून सांगितलं. वहिनी तेव्हा तिच्या आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नागपूरला गेली होती. दादानं मराठी मंडळाच्या भरल्या सभागृहात काचेचं मॉडेल मांडून, कोळशाऐवजी कणीक सोडून, आतल्या मापांसकट सगळं समजावून सांगितलं होतं. वहिनीची पोळी तव्यावर करपली तरी तिचं लक्ष नव्हतं.

"तुम्ही तं कोणालेच नाही म्हणून राहिले होते," ती म्हणाली.

दादा खरोखरच गोंधळला. "अगं, मंडळ काय बाहेरचं आहे का? आपलेच तं लोक आहेत."

त्याचं काही चुकलं नव्हतं. इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आम्हा मराठी माणसांना मंडळ म्हणजे घरचाच दिवाणखाना. कायद्याला तसं वाटत नाही, त्याला काय करणार? उद्या हे समितीला तुम्हीच सांगा, असं वहिनीनं म्हटलं आणि दादा भरल्या ताटावरून उठला. मला राहवेना. मी तिच्या मागे लागले, की मंडळातलं कोण जाऊन सांगणार आहे समितीला? कोण पाहून राहिलं?

"मी पाहून राहिली ना," ती म्हणाली. तिचे डोळे भरलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

दुसऱ्या दिवशी वहिनी बैठकीच्या खोलीबाहेर बाकावर बसून राहिली आणि आत दादानं गणपतीची सगळी हकीकत स्वतःच्या तोंडानं सांगितली. समितीनं खोक्याचं तोंडभरून कौतुक केलं आणि पेटंटला नाही म्हटलं. आराखडा विद्यापीठानं सगळ्यांसाठी खुला करावा, ज्याला हवा त्यानं बनवावा, असं ठरलं. दादा पडलेल्या चेहऱ्यानं घरी आला. मला विचाराल, तर त्या दोघांचा इतका अभिमान मला आयुष्यात कधी वाटला नव्हता.

गेल्या हिवाळ्यात सिलतऱ्याच्या एका कारखान्यानं तो खोका बसवला आणि आम्ही तिघं पाहायला गेलो. त्याच्यावर कोणाचंच नाव नव्हतं. दादा लांबूनच पाहत उभा राहिला. वहिनी मात्र सरळ पुढे गेली, बाजूच्या कठड्यावरून तिनं आपला कोसा रेशमाच्या साडीचा पदर फिरवला आणि तो उलटसुलट करून पाहिला. मग तिथल्या फोरमनला थांबवून म्हणाली, "भैया, ये इन्होंने बनाया है." फोरमन दादाकडे बघून हसला, मान डोलावून 'हव दीदी' म्हणाला, आणि कामाला लागला. दादानं चष्मा काढला. डोळ्यात धूळ गेली म्हणाला.

"इथं कुठची धूळ?" वहिनी हळूच म्हणाली. "तुम्हीच तं थांबवली."