चार बाय सहाचा प्लांट

आमच्याकडे पाहुणे आले आणि हातपाय धुवायला आत गेले, की बाहेर येताना हमखास विचारतात, "आत एवढे वॉल्व्ह कशाला?" मग बाबा छताकडे बघतात, आई पदरात हसते आणि सांगायचं काम माझ्याकडे येतं. एका किश्श्यावर भागत नाही. कारखान्यातल्या तीन माणसांनी घरचं बाथरूम करायला घेतलं, की रोज संध्याकाळी एक नवीन जमा होतो आणि कालचा सांगायचा राहून जातो.

ती तीन माणसं म्हणजे आमचे बाबा, तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत पाइप फिटर. त्यांचे दोस्त शिंदेकाका, तिथलेच वेल्डर, आमच्यासारखेच साताऱ्याकडचे. आणि पाटीलकाका, कारखान्याशेजारच्या नावडे गावातले, जिथे त्यांच्या वडिलांनी भात लावला तिथेच आता हे शिफ्ट करतात. चौथी मी. नुकतीच बी.एस्सी. झालेली आणि कुकरच्या शिट्टीलाही दचकणारी.

* * *

मूळ कारण आईचे गुडघे. डॉक्टरांनी खाली बसायची सक्त मनाई केली, आणि आमच्या रो-हाउसमधला संडास नेमका खाली बसायचा. दोन घरं सोडून कामतकाकूंकडे कमोड होता. आई तिकडे जायला लागली. पण रिकाम्या हाताने कसं जायचं? म्हणून दर वेळी हातात एक वाटी. कधी चटणी, कधी दाण्याचं कूट, कधी नुसती कोथिंबीर.

एक दिवस कामतकाकू सात वाट्यांची उतरंड घेऊन दारात आल्या. "वहिनी, तुम्ही नुसत्या या हो. आमच्याकडे आता कूट ठेवायला डबा उरला नाही."

आई हसली. पण त्या दिवसापासून तिने जेवणानंतर पाणी पिणं सोडलं. बाबांनी दोन दिवस तिच्या शेजारचा भरलेला तांब्या बघितला आणि तिसऱ्या दिवशी जाहीर केलं, "रविवारपासून काम सुरू."

मी घाबरत विचारलं, "प्लंबरला नाही बोलवायचं?"

"वीस वर्षं अ‍ॅसिडच्या लाइनी जोडल्या मी. आता पाण्याला प्लंबर बोलवू?"

* * *

अक्षर चांगलं म्हणून ड्रॉइंग माझ्याकडे आलं. आलेख वहीवर लाल पेन्सिलीने गरम पाणी, निळीने थंड. बाबा सांगत गेले, मी काढत गेले. टाकीखाली एक वॉल्व्ह, बाथरूमबाहेर एक, आत वळल्यावर एक, गिझरच्या आधी एक, नंतर एक, मग बायपास. बायपास म्हणजे एक लाइन बिघडली तर पाणी दुसऱ्या वाटेने न्यायची सोय. मोजले तर अकरा वॉल्व्ह भरले!

आई चष्मा लावून बराच वेळ कागदाकडे बघत होती. म्हणाली, "अहो, आंघोळीला ऑपरेटर लागेल का?"

पाटीलकाका म्हणाले, "वयनी, मी हाय ना. पन माझी शिफ्ट बदलती. फर्स्ट शिफ्टला असलो तर दुपारी आंघोल करा."

मी विचारलं, गिझरची लाइन फुटली तर? कमोड हलला तर? टाकीच खाली आली तर? मला वाटलं, तिघं हसतील. पण बाबांनी वहीत माझ्या नावापुढे 'सेफ्टी' असं लिहिलं. म्हणाले, "प्लांटमध्ये घाबरणारा एक माणूस लागतोच. मिळत नाही सहसा."

सात वॉल्व्हवर तडजोड झाली.

* * *

कमोडखाली ओटा किती उंच घालायचा, हे आईच्या गुडघ्यांवर ठरणार होतं. बाबांनी स्वयंपाकघरात विटा रचल्या, वर पाट ठेवला. आईने बसायचं, उठायचं, दुखलं का ते सांगायचं. मग आणखी एक वीट. शिंदेकाका टेप घेऊन समोर उभे.

आई बसेचना. शेवटी म्हणाली, "भाऊजी, तुम्ही बाहेर थांबा."

"वहिनी, मी तोंड फिरवतो की."

"तोंड ऱ्हाऊ द्या. पाय फिरवा."

शिंदेकाका अंगणात गेले आणि तिथून ओरडून विचारायला लागले, "उठताना दुखतंय का बसताना?" अख्ख्या गल्लीला माप कळलं.

* * *

मग बाबांच्या डोक्यात रंगीत तालीम आली. अंगणात खडूने चार बाय सहाची चौकट आखली. नळाच्या जागी खुर्ची, गिझरच्या जागी बादली, कमोडच्या जागी स्टूल आणि स्टुलावर शिंदेकाका. बाबांनी टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा दार म्हणून धरला आणि आत ढकलला. दार थेट शिंदेकाकांच्या गुडघ्यावर.

पुन्हा मापं घेतली. स्टूल सरकवलं. पुन्हा गुडघा. तीन अनुभवी माणसं अर्धा तास चौकटीभोवती फिरत होती. सगळ्या पाइपांचा विचार झाला होता, दाराचा कोणीच केला नव्हता.

भाजीवाली मावशी टोपली घेऊन फाटकाशी उभी होती. तिने विचारलं, "कसला खेल चाललाय?"

"संडासाचा," पाटीलकाका म्हणाले.

"मंग दार भायेर उघडा ना."

बाबांनी पुठ्ठा बाहेरच्या बाजूला ओढून बघितला. पाटीलकाकांनी तिच्याकडून दोन जुड्या मेथी घेतली, भाव न करता.

* * *

लाइन टाकून झाली. पण प्रेशर देऊन तपासल्याशिवाय लाइन चालू करायची नाही, हा कारखान्याचा नियम. बाबांनी कुठूनसा हातपंप आणि प्रेशरचं मीटर आणलं. दर पाच मिनिटांनी मीटरचा काटा वाचून वहीत लिहायचं काम माझं. "काटा पडला तर कुठेतरी गळतंय," बाबांनी बजावलं.

पंप सुरू झाला. काटा चढला. पाइपाने एकदम अंगात आल्यासारखा झटका दिला, कोनाड्यातलं घंगाळ खाली आलं आणि मी अशी काही किंचाळले, की कामतकाकू लाटणं घेऊन धावत आल्या.

बाबांनी प्रत्येक सांध्याला वर्तमानपत्राचा तुकडा लावून बघितला. सगळे कोरडे. पाटीलकाकांनी माझ्या हातातली वही घेतली आणि लिहिलं, 'गळती नाही. किंकाळी एक.'

* * *

आता शेवटचं. शिंदेकाकांनी कमोड बसवला, सिमेंट सुकायला तीन दिवस सांगितले आणि झाकणावर कारखान्यातला लाल टॅग बांधला: 'काम चालू आहे. वापरू नये.' खाली सही. आमच्या वहीत कारखान्यासारखं रजिस्टर आखून नोंदही केली, 'काम संपण्याची वेळ' हा रकाना तेवढा कोरा. दुसऱ्या दिवशी ते गावच्या यात्रेला निघून गेले, आठ दिवसांसाठी.

तीन दिवस झाले. चार झाले. सिमेंट दगडासारखं झालं. पण बाबा टॅगला हात लावेनात. ज्याने टॅग लावला त्यानेच काढायचा. एकदा प्लांटमध्ये बाबांनी लावलेला टॅग दुसऱ्याच कोणीतरी काढून वॉल्व्ह उघडला होता. बाबांच्या उजव्या हाताची करंगळी तेव्हापासून वाकत नाही.

मी आईला म्हटलं, "मी कात्रीने कापते."

"नको," आई म्हणाली. "त्यांना चालायचं नाही." आणि गुडघ्यावर हात ठेवून कामतकाकूंकडे निघाली.

पाचव्या दिवशी तिला फाटकाशीच थांबून श्वास घेताना बघितलं आणि मी एसटीडी बूथवर गेले. मला फोनवर अनोळखी माणसाशी बोलायची भीती वाटते. शिंदेकाकांच्या गावात फोन एकच, किराणा दुकानात. दुकानदार ओरडला, "कोण गेलं?" मी म्हटलं, "कोणी नाही. टॅग काढायचाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणाच्या आधी, शिंदेकाका दारात. पहाटेच्या एसटीने निघालेले, कानामागे गुलाल, हातात प्रसादाची पिशवी. पाणीसुद्धा घेतलं नाही. आत गेले, टॅग सोडला, रजिस्टरमध्ये वेळ टाकून सही केली. "वहिनी, लाइन चालू."

आई आत गेली. बाहेर उघडणारं दार आतून ओढून घेतलं. आम्ही चौघं अंगणात, एकमेकांकडे न बघता उभे. बऱ्याच वेळाने पाण्याचा मोठा आवाज झाला. पाटीलकाकांनी नमस्कार केला, कोणाला ते माहीत नाही.

आई बाहेर आली. शिंदेकाकांच्या हातातला टॅग तिने घेतला, स्वयंपाकघरात गेली आणि गॅस सिलिंडरच्या नॉबला दोन गाठी मारून बांधला. मग माझ्याकडून पेन मागून रजिस्टरमध्ये सही केली. 'काम संपण्याची वेळ' हा रकाना कोरा ठेवला आणि खुर्चीत पाय लांब करून बसली.

तिघं दारात उभे होते. बाबांनी टॅगकडे बघितलं, करंगळी चोळली, रिकामा डबा उचलला आणि खानावळीत जायला चपला घातल्या.