गायरानातली टिटवी

भोकरदनहून येणाऱ्या हिवाळे मॅडम दरवर्षी चौथीची मुलं आमच्या गायरानात नेतात आणि खड्यांत खड्यांसारखीच दिसणारी टिटवीची अंडी दाखवतात. टिटवी झाडावर बसत नाही, तिला उघडं माळरानच लागतं, हे पोरांना पाठ आहे.

यंदा सरपंचांनी तिथंच वृक्षारोपण काढलं. खड्डे घ्यायला जेसीबी आला आणि फोटोला मुलं बोलावली. मॅडम भडकल्या.

"इथं झाडं नका लावू, सरपंच. इथं जीव राहतात."

"ओसाड तर पडून राह्यलंय, मॅडम. काय हाय इथं?" म्हणत ते पुढं आले.

मुलं सरपंचांच्या बुटाकडं बघायला लागली. वर टिटवी ओरडत राहिली.

"पाय उचला," मॅडम म्हणाल्या. "कोल्ह्यालाही कधी सापडली नाहीत, ती अंडी तुमच्या बुटाखाली आहेत. आता काढा फोटो."