पलंगावरून दिसणारा टीव्ही

टीव्हीत काहीही बिघाड नव्हता आणि मी तिसऱ्यांदा बदलापूरच्या बेलवलीतल्या त्याच हॉलमध्ये रिमोट घेऊन उभा होतो.

समोरच्या भिंतीवर दीड महिन्यापूर्वी मीच बसवलेला नवा एलसीडी. चित्र झकास. तरी पलंगावरून कांबळे आजी म्हणत होत्या, "पांढरं फटक दिसतंय रे सगळं."

मी उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या एका दुकानात टीव्ही दुरुस्त करतो, बसवूनही देतो. तीस वर्षं हेच केलं. दुकानात टीव्ही तपासून पास करायची माझी जागा ठरलेली आहे. टेबलापासून सहा पावलं, अगदी समोर. तिथल्या फरशीवर माझ्या चपलांनी घासून डाग पडलाय.

कांबळ्यांकडे आधी प्लाझ्मा होता. वजनाला धोंडा आणि तापायला तवा, पण चित्र देखणं. त्याचे पार्ट मिळेनात, पंधरा मिनिटांत तो आपोआप बंद पडायला लागला. शेवटी मीच आजींच्या मुलाला, सुनीलला म्हटलं, आता पुरे. सुनील अंबरनाथ एमआयडीसीत केमिकल कंपनीत शिफ्ट ऑफिसर. त्याची अट एकच, "भोईर दादा, काळा रंग प्लाझ्मासारखा गडद पाहिजे. राखाडी नको." मी चार सेट बघून सगळ्यात गडद काळा दाखवणारा निवडला. या निवडीचा मला अभिमान होता, हेही सांगून टाकतो.

आजींचं खुब्याचं हाड मोडल्यापासून त्यांचा पलंग हॉलमध्येच होता, बाजूच्या खिडकीलगत. दिवसभर सोबतीला टीव्ही. त्यातही नातीच्या लग्नाचे फोटो पेन ड्राइव्हवर लावून बघायच्या. नात लग्न होऊन लांब गेली होती. फोटोत ती पांढऱ्या साडीत, मागे बुद्धविहाराची निळी कमान.

"चेहरा कुठला आणि साडी कुठली, कळत नाही," आजी म्हणायच्या. "कमान पण धुवून काढल्यासारखी."

पहिल्या खेपेला मी टीव्हीचा शोरूम मोड काढला. दुकानात गिऱ्हाईकाच्या डोळ्यांत भरावं म्हणून रंग भडक ठेवतात, तो हा मोड. आजी म्हणाल्या, "तसंच आहे." दुसऱ्या खेपेला केबल बदलली, सॉफ्टवेअर अपडेट केलं, व्होल्टेज तपासलं. तसंच. मला काही सुधरेना. दुकानाच्या सिंधी शेठला फोन लावला.

"शेठ, कंपनी में कंप्लेंट डालूँ क्या?"

"साईं, पीस में फॉल्ट क्या है, वो तो बता. आँख का फॉल्ट वॉरंटी में नहीं आता."

तिसऱ्या खेपेला सुनीलने माळ्यावरचा प्लाझ्मा उतरवला. मी तो एलसीडीखाली टीपॉयवर ठेवला. एकच फोटो आधी यात, मग त्यात. सोफ्यासमोर उभं राहून बघितलं. मला नवा उजवा वाटला, सुनीलला नवा, त्याच्या बायकोला, वहिनींनाही नवा. आजी एकट्या जुन्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ही बघ, ही माझी नात. वरची कोण आहे?"

पंधरा मिनिटांत प्लाझ्मा बंद पडला. सुनीलने मला दाराशी नेलं. "दादा, तिला जुन्याची सवय झालीय. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, आता डोळ्याचा पडदा गेला असणार. उद्या डॉक्टरची वेळ घेतलीय."

तो हळू बोलला, पण हॉल केवढासा! आजींनी ऐकलं. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू बाहेरचा माणूस आहेस, खरं सांग. मी आंधळी होतेय का रे?"

मी रिमोटशी चाळा करत राहिलो. वर मी मनातल्या मनात सुनीललाच मान डोलावली होती, त्याची आज लाज वाटते.

वहिनींनी चहा आणला. सोफ्यावर माझ्या वायरी, हत्यारं, माळ्यावरचा थर्माकोल. बसायला जागा नव्हती. आजी म्हणाल्या, "इथे बस, माझ्या पायाशी." बसलो. कप तोंडाला लावला आणि वर बघितलं.

नवरीचा चेहरा गायब. कमान फिकट, साडी आणि गाल एकाच चुन्याने रंगवलेले.

मी चष्मा काढून पुसला. पुन्हा तेच. उठून सोफ्यासमोर गेलो, रंग जागच्या जागी. पलंगाशी आलो, पुन्हा पांढरं. हातात चहा घेऊन माझ्या अशा तीन फेऱ्या झाल्या.

"दादा, काय होतंय तुम्हाला?" सुनील घाबरला.

"तू इथे येऊन बस आधी."

तो बसला. बघितलं. उठून सोफ्यापर्यंत गेला आणि परत येऊन बसला.

प्लाझ्मात प्रत्येक ठिपका स्वतःच उजेड देतो, त्यामुळे कुठूनही बघा, रंग तोच. एलसीडीत उजेड मागे असतो आणि पुढे बारीक झडपा तो अडवतात किंवा सोडतात. काही एलसीडी बाजूनेही बरे दिसतात. पण समोरून काळा गडद दाखवणारे जे असतात, त्यांतले बरेच बाजूने बघितलं की फिके पडतात. म्हणजे मी अभिमानाने निवडलेला गुणच आजींच्या मुळावर आला होता. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण तीन खेपा मी सगळं तपासलं, फक्त तक्रार करणारं माणूस कुठून बघतं ते तपासलं नाही.

तसाच बदलापूरच्या बाजारात जाऊन वळणाऱ्या हाताचा ब्रॅकेट आणला. टीव्ही त्यावर चढवला आणि पलंगाकडे फिरवला. आजी कोपरावर टेकून थोड्या वर सरकल्या. मग म्हणाल्या, "आली माझी पोरगी."

सुनील सोफ्यावर बसला होता. "दादा, आता इकडून पांढरं दिसतंय."

आजींनी मानही वळवली नाही. "उद्याची डॉक्टरची वेळ आहे ना? तू जाऊन ये."

हल्ली दुकानात टीव्ही पास करताना मी त्या डागावरून हलून पार भिंतीच्या कोपऱ्यापर्यंत जातो, वाकून बघतो.

शेठ गल्ल्यावरून ओरडतो, "साईं, उधर क्या ढूँढ रहा है?"

"पलंग," मी सांगतो.