गोंद सुकण्याआधी

गिटार रूपालीच्या खांद्यावरून सुटून स्टेजवर आपटली तेव्हा हे पहिल्या रांगेत बसले होते. गिटारची मान मोडली, तारा लोंबायला लागल्या. रूपाली, आमची तेव्हा अकरावीत असलेली मुलगी, तशीच उभी. पट्टा तिच्या अंगावर आणि पट्ट्याला अडकलेला स्क्रू. तिथल्या मराठी मंडळातल्या एकाने मागून विचारलं, "काय हो फोरमनसाहेब, कंपनीत पण असेच स्क्रू मारता का?" लोक हसले. हेही हसले.

माझे यजमान गेल्याला आता सात आठवडे झाले. लोक भेटायला येतात, फार भले होते म्हणतात. होते. पण मला ही एकच गोष्ट लिहायची आहे, कारण ती इतकी वर्षं फक्त मला ठाऊक होती.

शारजात ते फर्निचरच्या कारखान्यात फोरमन होते. शुक्रवारी सुट्टी, पण त्या दिवशी आमच्या रोल्ला भागातल्या निम्म्या मराठी घरांतून यांची हत्यारांची पेटी फिरायची. कुणाचं दार घासतंय, कुणाचा पलंग कुरकुरतोय... चहाखेरीज काही घेत नसत.

अठ्ठ्याण्णव साली रूपालीच्या गिटारचा पट्टा सारखा निसटायला लागला, म्हणून त्यांनी पट्ट्याची लॉकं आणली. मंडळाच्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत घरी आले आणि टेबलावर चादर टाकून ती बसवायला घेतली. पट्टा अडकवायची जुनी बटणं काढली, तर नवा स्क्रू बारीक आणि भोक मोठं. मग काडेपेटीच्या काड्यांची गुलं मोडून, काड्या गोंदात बुडवून भोकात ठोकल्या आणि त्यात स्क्रू पिळला.

"उद्या सकाळपर्यंत वजन टाकायचं नाही. आडवीच राहू दे."

"टेबल अडवून? मला उद्याच्या कार्यक्रमासाठी चाळीस माणसांच्या पोळ्या लाटायच्यात."

"हबीबी, गोंद काही तुझ्या पोळ्यांसाठी घाई करणार नाही."

ते कामावर गेले. मी गिटार उचलली आणि पट्ट्याने दारामागच्या खुंटीला टांगली. पोळ्या झाल्यावर, ते यायच्या आत, परत टेबलावर ठेवली. एक स्क्रू जरासा बाहेर आलेला दिसला. मी तो अंगठ्याने आत दाबला.

कार्यक्रमाहून घरी आल्यावर रूपाली म्हणाली, "बाबा, इट्स ओके." पुढच्या शुक्रवारी शेजारीण आली, कपाटाचं दार निखळलंय म्हणून. "दुसऱ्या कुणाला बोलवा वहिनी, माझ्या हाताचा भरवसा नाही राहिला," म्हणाले. तिला वाटलं थट्टा करतायत. पेटी पलंगाखाली गेली ती गेलीच. मला एक वाक्य बोलायचं होतं. आधी भांडण होईल म्हणून बोलले नाही, मग इतके दिवस का बोलले नाही याची लाज वाटायला लागली. त्यात पाच वर्षं गेली.

इस्पितळात शेवटच्या आठवड्यात हे मला म्हणाले, "अगं, एखादी काडी कमी पडली असेल बघ..." कशाबद्दल बोलतायत ते मला लगेच कळलं.

"जाऊ द्या ना आता. खलास," मी म्हणाले. त्यांनी भिंतीकडे तोंड वळवलं.

परवा रूपालीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, व्हाय डिडन्ट यू टेल हिम?" त्यांच्या कामात काही चूक नव्हती, हे त्यांना कधी कळलं नाही. ते गेले. मी आहे.